अडीच मीटर नेटची परी

शाळेकडून आलेल्या चिठ्ठीत तीनच शब्द होते : ‘परी. पंख आवश्यक.’ खाली स्नेहसंमेलनाची तारीख. भाची पहिलीत आहे. तिच्या वर्गातल्या सहा मुलींना परी केलं होतं, काहींना झाडं आणि उरलेल्यांना ढग. झाडांच्या आयांचं बरं होतं, एक तपकिरी टी-शर्ट आणि हिरवा क्रेप पेपर आणला की त्या मोकळ्या.

वहिनीने आधी भाड्याचा पोशाख बघितला. एका दिवसाचं भाडं ठीक होतं, पण अनामत रक्कम त्याच्या तिप्पट. पोशाखाला डांबरगोळ्यांचा आणि आधीच्या पंधरावीस पर्‍यांच्या घामाचा मिळून एक वास होता, आणि डावा पंख चिकटपट्टीने जोडलेला. भाचीने तो हाताळून विचारलं, “आत्या, ही परी पडली होती का?” तिथेच तो विषय संपला. वहिनी म्हणाली, “तुम्हाला शिवणाटिपणाची हौस आहे ना, मग तुम्हीच करा. पाचशेच्या आत बसवा. नाहीतर मी बाईंना सांगून हिला ढग करते.”

ढगाची धमकी भाचीने मनाला लावून घेतली, म्हणून मीही घेतली. आणि कापड आणायला निघण्याआधी एक प्रश्न पडला. परीला परी कशाने करतात? झाडाचं कळतं, ढगाचं कळतं. परी कुणी पाहिलेली नाही, तरी पांढरा फ्रॉक आणि पाठीवर दोन पारदर्शक पंख दिसले की चार वर्षांचं पोरसुद्धा ‘परी’ म्हणतं. हे ठरवलं कुणी?

आपलं तर हे मूळचं नव्हेच. ‘परी’ हा शब्द फारसी. इराणी लघुचित्रांतल्या पर्‍यांना पंख असतात, पण ते पक्ष्याचे, पिसांचे, रंगीत. लखनौच्या आगा हसन अमानत यांनी १८५३ च्या सुमारास ‘इंदरसभा’ लिहिलं, त्यात इंद्राच्या दरबारी चार पर्‍या आहेत : पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज. चार रत्नं, चार रंग. त्यातली सब्ज परी माणसाच्या प्रेमात पडते म्हणून इंद्र तिचे पंख छाटून तिला हाकलून देतो. पुढे पारशी नाटक मंडळ्यांनी या कथेवर मुंबईत आणि मुंबईबाहेर बराच धंदा केला. इंद्राचा दरबार आपला आणि दरबारातल्या पर्‍या फारसी, अशी ती सरमिसळ होती, आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. (महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध परी अर्थात लालच आहे, एसटी. ती १९४८ पासून धावते, तिला पंख नाहीत आणि ती फाट्यावर हात दाखवला तरी थांबते.)

आपल्या स्वतःच्या अप्सरांना पंखांची गरज कधीच पडली नाही. अजिंठ्याच्या सतरा क्रमांकाच्या लेण्यात ती प्रसिद्ध उडणारी अप्सरा आहे. ती उडते आहे हे कशावरून कळतं? तिच्या गळ्यातले दागिने एका बाजूला झुकलेले आहेत. चित्रकाराने वारा काढला, पंख काढले नाहीत. वेरूळचे विद्याधर आकाशात असतात तेही दुमडलेल्या गुडघ्यांवर आणि मागे लहरणार्‍या वस्त्रावर. कमी खर्चात उड्डाण दाखवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही : एक ओढणी घ्यायची, तिची दोन टोकं मनगटांना आणि मध्य मानेमागे बांधायचा. मुलीने हात पसरून धाव घेतली की झालं. ही सूचना मी वहिनीला केलीही. तिने चिठ्ठी पुढे धरली. ‘पंख आवश्यक.’

शाळेला हवे असलेले ते कीटकाचे पंख युरोपातले, आणि तिथेही फार जुने नाहीत. थॉमस स्टॉथर्ड या इंग्रज चित्रकाराने १७९८ मध्ये पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या काव्यासाठी चित्रं काढताना त्यातल्या वायुकन्यांना फुलपाखराचे पंख लावले, आणि तिथून ही चाल रुळत गेली असं मानतात. पण पोशाख म्हणून परी जन्माला आली ती पॅरिसमध्ये, १२ मार्च १८३२ रोजी. त्या दिवशी तिथल्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. मारी तालिओनी नावाची नर्तकी घंटेच्या आकाराचा, झिरझिरीत थरांचा पांढरा घागरा आणि पाठीवर छोटेसे पंख लावून रंगमंचावर आली. आज शाळाशाळांतून जी परी चालते ती या तालिओनीची पणती.

यातली खरी मेख मात्र दिव्यांत होती. पॅरिस ऑपेरात १८२२ मध्ये गॅसचे दिवे आले. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे होते तोवर भरजरी, जड, चमकणारे कपडे लागत, कारण अंधूक उजेडात तेच दिसत. गॅसचा उजेड कमी-जास्त करता येऊ लागला, आणि अशा उजेडात पातळ पांढरं कापड वेगळंच वागतं हे लोकांच्या लक्षात आलं. ते उजेड अडवत नाही, पूर्ण जाऊही देत नाही. तो गाळतं. कापडाची कड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळेनासं होतं, आणि माणसाच्या पायांभोवती धुकं असल्याचा भास होतो. परी म्हणजे हा भास. एवढं समजलं आणि माझा हिशेब सोपा झाला. भरजरी काहीच आणायचं नव्हतं. उजेड गाळणारं काहीतरी आणायचं होतं, आणि तसं कापड बाजारात सगळ्यांत स्वस्त असतं.

त्याच्या स्वस्ताईलाही इतिहास आहे. जाळीच्या या कापडाला ट्यूल म्हणतात, फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावावरून. पूर्वी बायका ते हाताने विणत आणि ते श्रीमंतांनाच परवडे. १८०८ मध्ये जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने षट्कोनी जाळी विणणार्‍या यंत्राचं पेटंट घेतलं आणि भाव कोसळले. यंत्रांनी पोटावर पाय आणला म्हणून चिडलेल्या लोकांनी १८१६ मध्ये त्याचा लफबरोचा कारखाना फोडला. तो उठला आणि डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला. जाळी स्वस्त झाली नसती तर तालिओनीच्या मागे उभ्या राहणार्‍या डझनावारी पर्‍यांना घागरे कुठून मिळाले असते? आणि आपल्याला मच्छरदाणी?

मच्छरदाणीचा विचार मी गंमत म्हणून करत नाही. घरात जुनी पांढरी मच्छरदाणी असेल तर तिला कात्री लावा. कापड त्याच जातीचं आहे. आमच्याकडची निळी होती आणि वापरात होती, म्हणून मला बाजार गाठावा लागला.

पुण्यात असाल तर रविवार पेठ आणि बोहरी आळी, मुंबईत असाल तर मंगलदास मार्केट आणि भुलेश्वर. गाव लहान असेल तर मंडप-डेकोरेशनवाल्याकडे विचारा, झालरींसाठी तो नेटचे तागेच ठेवतो. दुकानात ‘परीच्या ड्रेससाठी’ असं चुकूनही म्हणू नका. लगेच टिकल्या-जरीचं नेट पुढे येतं, तेही चौपट भावाचं. नुसतं ‘साधं नेट दाखवा’ म्हणायचं. दोन जाती निघतात. एक मऊ, हातातून ओघळणारी. दुसरी कडक, शिंपी जिला कॅनकॅन म्हणतात, घागर्‍याच्या आत घेर उभा राहावा म्हणून लावतात ती. कडक नेट उभी राहते पण टोचते. मऊ नेट टोचत नाही पण लोळते. सहा वर्षांच्या मुलीला दोन-तीन तास घालायचं असेल तर मऊच घ्या आणि पट्ट्यांची संख्या वाढवा. मग कापड दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात धरा. एक पदर धरल्यावर दाराबाहेरची स्कूटर स्पष्ट दिसली पाहिजे, चार पदर धरल्यावर नुसती सावली उरली पाहिजे. दुकानदार वैतागतो, पण कापड कळतं.

मी दोन मीटर पांढरी आणि अर्धा मीटर फिकट निळी घेतली. सत्तर रुपये मीटर, एकूण एकशे पंचाहत्तर.

आता घागरा. याला मशीन लागत नाही, सुईसुद्धा एकदाच लागते. नेटचा मोठा गुण म्हणजे कापली तरी तिचे धागे सुटत नाहीत, म्हणून कडेला दुमड नको, पिको नको. शिंप्याच्या मजुरीतला मोठा भाग या कडांचाच असतो. तो वाचला की निम्मा पोशाख फुकटच समजा.

भाचीची कंबर एकवीस इंच. इलास्टिक कंबरेपेक्षा दोन इंच कमी, म्हणजे एकोणीस, आणि जोडासाठी वर एक इंच. जोड घट्ट शिवून ते कडं एका मध्यम स्टीलच्या डब्यावर चढवलं, पोह्यांचा डबा बरोबर त्या घेराचा निघाला. डब्यावर चढवण्याचं कारण असं की इलास्टिक किंचित ताणलेलं राहतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. नेटचा पन्हा साठ इंच होता (घेण्याआधी विचारा, कमीही असतो). घागर्‍याची लांबी बारा इंच हवी, म्हणजे पट्टी दुप्पट, चोवीस इंचांची. सहा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या तर पन्ह्यात दहा बसतात. दोन मीटरमध्ये चोवीस-चोवीस इंचांचे तीन तुकडे निघतात, म्हणजे तीस पांढर्‍या पट्ट्या. अर्ध्या मीटरमधून दहा निळ्या, जराशा आखूड.

पट्टी मधोमध दुमडायची, दुमड इलास्टिकच्या खालून घालायची, दोन्ही टोकं त्या फासातून ओवून ओढायची. किल्लीला दोरी अडकवतो तशी गाठ. तीन पांढर्‍या, एक निळी, पुन्हा तीन पांढर्‍या. आखूड निळ्या वरच्या बाजूला रुळू द्यायच्या, म्हणजे पांढर्‍यावर निळी झाक येते, पण बोट ठेवून दाखवता येत नाही. एकोणीस इंचांवर चाळीस गाठी बसतात, एकीला साधारण अर्धा इंच. गाठ आवळताना जीव काढायचा नाही, नाहीतर इलास्टिक ताणायचं विसरतं आणि घागरा डोक्यातून किंवा पायांतून कुठूनच जात नाही. माझ्या पहिल्या दहा गाठी याच पायी सोडाव्या लागल्या.

तयार झाल्यावर एक गुणाकार केला. चाळीस पट्ट्या, प्रत्येकीची दोन टोकं, प्रत्येक टोक सहा इंच. खालचा घेर सगळा मिळून चारशेऐंशी इंच, म्हणजे चाळीस फूट. अडीच मीटर कापडातून. हा घेर शिवून घ्यायचा म्हटलं तर शिंप्याने मला दुकानाबाहेर काढलं असतं.

वरती काय? काही नाही. भाचीचा पांढरा जुना टी-शर्ट, खाली पांढरी लेगिंग. लेगिंग विकत आणली, एकशेवीस रुपये. स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत, रात्रीची, उघड्या मैदानावर होतात. बाहीविना फ्रॉक घालून काकडणार्‍या पर्‍या मी दरवर्षी बघते आणि मला त्यांच्या आयांशी बोलावंसं वाटतं. लांबून पांढर्‍या बाहीत आणि दंडात कुणाला फरक कळत नाही.

पंखांना वेळ लागला. बहुतेक जण तारेचे करतात. कपड्यांच्या जुन्या हँगरची तार चालते, हार्डवेअरच्या दुकानात जाडसर जीआय वायर सुटी मिळते. पण तारेची टोकं धोक्याची, आणि मुलांच्या गर्दीत ती कुणाच्या डोळ्याच्या उंचीवर येतील याचा नेम नाही. मी माळ्यावर बघितलं, तर दिवाळीतला आकाशकंदील अर्धा फाटून पडला होता. कागद गेलेला, सांगाडा शाबूत. बांबूच्या कामट्या, हलक्या, चिवट. पंखांना आणखी काय हवं असतं?

कामट्यांचा फुलपाखराचा गोल पंख होत नाही. वाकवायच्या तर रात्रभर भिजवून शेकाव्या लागतात. पण पंख काही फुलपाखराचेच असतात असं नाही. चतुर आठवा, पावसाळ्यानंतर शेतावर, डबक्यावर भिरभिरतो तो. चार लांबट, अरुंद पंख. दोन कामट्या दोन्ही टोकांना दोर्‍याने बांधायच्या आणि मधोमध चार बोटं लांबीची आडवी काडी अडकवायची. कामट्या फाकतात आणि पानाचा आकार आपोआप येतो. असे चार केले : दोन लांब वर, दोन आखूड खाली. चारही पंखांची आतली टोकं एका जाड पुठ्ठ्याच्या चौकोनावर बांधली, पुठ्ठ्याला भोकं पाडून दप्तरासारखे दोन इलास्टिकचे पट्टे. वजन जितकं पाठीच्या कण्याजवळ तितके पंख सरळ राहतात. बाजारातल्या तयार पंखांची मान टाकण्याची सवय इथूनच येते. त्यांचं सगळं वजन टोकाकडे असतं आणि पट्टे खांद्यावरून घसरत राहतात.

वर मढवायला आधी जिलेटिन पेपर आणला. दहा रुपयांना एक, तीन आणले. सुंदर दिसला. घरात सुंदर दिसला, असं म्हणायला हवं. भाचीने दोन गिरक्या घेतल्या आणि फरसाणाचा पुडा उघडल्यासारखा आवाज खोलीभर झाला. ही माइकच्या शेजारी उभी राहणार. तिसर्‍या गिरकीला खालचा पंख फाटला. तीस रुपये पाण्यात.

मग वहिनीने कपाटातून एक ऑर्गंझाची ओढणी काढून दिली, एका बाजूला चहाचा डाग पडलेली. डाग कात्रीत गेला. ऑर्गंझा पातळ, किंचित कडक आणि आवाज न करणारी. पण तिचे धागे सुटतात. त्याला घरोघरचा उपाय आहे : कापल्यावर कडेवरून पेटती अगरबत्ती भरकन फिरवायची, कृत्रिम धागा वितळून कड बंद होते. (सुती असेल तर हा उद्योग करू नका, ती पेट घेईल.) कामटीला फेव्हिकॉलचा पातळ हात, त्यावर ओढणी ताणून बसवायची, कड आत वळवायची. ओला असताना पांढरा दिसणारा फेव्हिकॉल वाळला की दिसेनासा होतो, म्हणून रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी चतुराच्या पंखांवरच्या शिरा काळ्या धाग्याने काढल्या, मोठमोठ्या टाक्यांनी. तिसर्‍या ओळीपलीकडे त्या कुणाला दिसल्या नसतील. पण शिरा काढल्याशिवाय मला चैन पडलं नाही.

अगरबत्तीचं बोलले, तर आगीचंही बोलायला हवं. धाग्याच्या ज्या गुणाने कड बंद होते, त्याच गुणाने असं कापड ज्योतीजवळ गेलं की वितळून अंगाला चिकटतं. नेट तर सगळी भोकंच, प्रत्येक धाग्याभोवती हवा. परीच्या पोशाखाचा हा इतिहास काळा आहे. तालिओनीची लाडकी शिष्या एमा लिवरी. तिच्यासाठी तालिओनीने स्वतः ‘ल पापियों’ म्हणजे ‘फुलपाखरू’ नावाचा बॅले रचला, १८६० मध्ये. त्यात नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीत करपतात. दोन वर्षांनी, १५ नोव्हेंबर १८६२ रोजी, दुसर्‍याच एका ऑपेराच्या तालमीत लिवरीचा घागरा गॅसच्या दिव्याला लागला. आठ महिने यातना भोगून ती गेली, जेमतेम वीस वर्षांची. कापड आगीपासून वाचवणारं एक द्रावण तेव्हा उपलब्ध होतं. त्याने घागरा ताठ आणि मळकट दिसतो म्हणून तिने ते नाकारलं होतं.

शाळेच्या रंगमंचावर गॅसचे दिवे नसतात, पण दीपप्रज्वलनाची समई असते, पाहुण्यांच्या औक्षणाचं निरांजन असतं, आणि हल्ली दोन्ही कडांना ठिणग्यांचे फवारे उडवण्याची टूम निघाली आहे. आम्ही बाईंना आधीच सांगितलं : परी समईपासून दूर, आणि ते फवारे नकोत. बाई आनंदाने कबूल झाल्या. त्यांनाही ते नकोच होते, असं त्यांच्या चेहर्‍यावरून वाटलं.

दिव्यांची माळ मात्र घेतली, बॅटरीवरची, ऐंशी रुपयांना. ही कल्पना आजकालची वाटते, पण लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात २५ नोव्हेंबर १८८२ रोजी गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘आयोलांथी’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा मुख्य पर्‍यांच्या केसांत विजेचे चिमुकले दिवे लुकलुकत होते आणि त्यांची बॅटरी अंगावर लपवलेली होती. घराघरांत अजून वीज नव्हती, पण पर्‍यांच्या डोक्यावर होती. त्या काळी त्याला केवढा खर्च आला असेल! माळ मी मुलीच्या अंगावर न लावता पंखांच्या मधल्या पुठ्ठ्यामागे गुंडाळली, म्हणजे दिवे दिसत नाहीत, पंख आतून उजळतात. माळ घेताना पेन्सिल सेलची घ्या. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारी स्वस्तात मिळते, पण तो सेल निसटून पोराच्या पोटात गेला तर आतून भाजतो, आणि मग दवाखान्यात धावाधाव.

याहूनही स्वस्त परी मात्र १९०४ ची. ‘पीटर पॅन’ नाटक त्या वर्षी २७ डिसेंबरला लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात आलं. त्यातल्या टिंकर बेलला अंगच नव्हतं. रंगमंचामागून आरशाने पाडलेला उजेडाचा एक कवडसा भिंतींवरून पळायचा आणि घंट्या किणकिणायच्या. बस्स. नेट नाही, पंख नाहीत, लेगिंग नाही. लहानपणी दुपारच्या वेळी ताटलीने भिंतीवर कवडसा नाचवला आहे त्या सगळ्यांनी टिंकर बेल केलेली आहे.

डोक्यावरचा मुकुट आणि हातातली छडी यांवर फार शब्द खर्च करत नाही, पैसेही केले नाहीत. मुकुटाच्या जागी वहिनीच्या लग्नातल्या मोत्यांच्या मुंडावळ्या बांधल्या, लोंबणारे पदर मागे केसांत अडकवून. छडीसाठी खराट्याचे चार हीर एकत्र बांधून वर पांढरी पट्टी गुंडाळली, टोकाला लग्नपत्रिकेच्या सोनेरी पुठ्ठ्याची चांदणी. लग्नपत्रिका जपून ठेवणार्‍या घराला सोनेरी कागद कधी विकत आणावा लागत नाही.

चमकीला मात्र मी ठाम नकार दिला. ती डोळ्यांत जाते, सतरंजीतून वर्षभर निघत नाही, आणि शेवटी प्लास्टिकचा भुगा म्हणून गटारात जाते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीवर बंदी आणली ती उगीच नाही. त्याऐवजी खड्यांच्या टिकल्या. दोन पाकिटं, वीस रुपये. टिकलीला गोंद आधीच लावलेला असतो, ती हवी तिथे बसते, चुकली तर उचलून दुसरीकडे लावता येते. पंखांच्या टोकांवर लावल्या. दोन भाचीच्या गालांवर, तिच्या हट्टाखातर.

इलास्टिकचे पंधरा धरून सगळे चारशेचाळीस झाले, वाया गेलेल्या जिलेटिनसकट. वहिनीने हिशेबाचा कागद दोनदा वाचला.

तरी रंगीत तालमीच्या दिवशी माझा धीर सुटला. शाळेच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट. वरून येणारा, सगळीकडे सारखा पसरणारा पांढरा उजेड. त्यात भाची परी दिसेना. नेट गुंडाळलेली मुलगी दिसत होती. शेजारी विकतचे चंदेरी, जरीकाठाचे पोशाख घातलेल्या पाच पर्‍या झगमगत होत्या. “आत्या, माझाच ड्रेस भुरका का आहे?” तिने विचारलं. आता या पोरीला गॅसचे दिवे आणि तालिओनी काय सांगू? म्हटलं, “रात्री बघू.”

पण मनात हिशेब चालू होता. चकाकणारं कापड समोरून उजेड पडला की चमकतं. नेट आणि ऑर्गंझा समोरच्या उजेडात सपाट दिसतात, कारण उजेड आरपार निघून जातो. त्यांना उजेड मागून किंवा बाजूने लागतो. आकाशकंदिलाचं तेच असतं. दिवसा बाहेरून बघितलं तर तो कागदाचा खोका, संध्याकाळी आत दिवा लागला की आकाशकंदील. म्हणून स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी मी प्रकाशयोजना बघणार्‍या मुलाला गाठलं. तो कॉलेजातला पोरगा, कंटाळलेला, कारण प्रत्येक नाचाला त्याने लाल-निळे दिवे गरागरा फिरवायचे एवढंच काम होतं. त्याला विचारलं, परीच्या गाण्याला समोरचे जरा मंद करून विंगेतून एक पांढरा सोडता येईल का? तो म्हणाला, “येईल की. कुणी सांगतच नाही.”

साडेआठला परी, झाडं आणि ढग आले. मागे गडद निळा पडदा. पहिलं कडवं समोरच्याच उजेडात गेलं. मग त्या पोराने समोरचे उतरवले आणि बाजूचा सोडला. जरीच्या पोशाखांवर एका कडेला रेघ आली, बाकी ते काळवंडले. भाचीचा घागरा मात्र पेटल्यासारखा उजळला, सगळे चाळीस फूट, आणि कामट्यांच्या रेषा उमटून चार लांब पंख हवेत उभे राहिले. शेजारच्या बाईंनी वहिनीला विचारलं, “कुठून आणला हो?” वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि, का कोण जाणे, सांगितलं, “मुंबईहून.”

भाची स्वतः तिसर्‍या कडव्याला स्टेप विसरून एका झाडाशी गप्पा मारत उभी होती.

घागरा आता पोह्यांच्या डब्यावरून उतरून बाहुल्यांच्या पेटीत गेला आहे. पुठ्ठा फाटला, चहाचा डाग पडलेल्या ओढणीचा उरलेला तुकडाही कुठेतरी गेला. पंख मात्र टाकवेनात. या दिवाळीला बाजारातून आकाशकंदील आणला नाही. चार पंख उभे करून वरची टोकं एकत्र बांधली, खाली कामटीचाच चौकोन केला, आत नऊ वॉटचा एलईडी बल्ब सोडला. गच्चीत टांगल्यावर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर बघून विचारलं, “हा कसला, चतुराचा का?”